शाळेला सुट्टी द्या, पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको

एप्रिल संपत आला की दरवर्षी हा वाद सुरू होतो आणि दरवर्षी तो त्याच चुकीच्या अंगाने चालतो. एक गट म्हणतो सुट्टीत पोरं सगळं विसरतात, सुट्टी कमी करा, पुढच्या वर्गाचं एप्रिलपासूनच शिकवायला घ्या, नाहीतर मग अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर, इंग्लिश स्पीकिंग असे दोन-तीन क्लास तरी लावून टाका. दुसरा गट म्हणतो अहो पोरांना जरा जगू द्या, मामाच्या गावाला जाऊ द्या, आम्ही सुट्टीत पुस्तकाला हात लावला नाही, आमचं काय बिघडलं? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आणि लग्नाच्या मांडवात दोन्ही बाजू इतक्या तावातावाने बोलतात की वाटतं यांचं जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण नीट ऐकलं तर दोघांच्या डोळ्यापुढे पोरगं एकच असतं, ज्याच्या घरी पेपर येतो, ज्याची आई दहावी-बारावी शिकलेली आहे, ज्याला मामा आहे आणि मामाच्या घरी पण चार पुस्तकं आहेत. त्या पोराला क्लास लावा किंवा लावू नका, जून उजाडेपर्यंत त्याचं फार काही बिघडत नाही. ज्याचं बिघडतं ते पोर या वादात कुठेच नसतं.

माझं म्हणणं असं आहे की सुट्टी एक दिवसानेही कमी करू नका, सुट्टीचा अभ्यास म्हणून वह्या भरून घ्यायचं तर बंदच करा, पण वाचणं, लिहिणं आणि आकडेमोड ही तीन कामं मुलाच्या हातून दीड महिना पूर्ण सुटू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे याची जबाबदारी एकट्या आईबापावर ढकलू नका, ती गावाने घ्यायची गोष्ट आहे.

आधी विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. पहिलं म्हणजे ऊन. ज्यांनी मे महिन्यात भुसावळ किंवा जळगाव पाहिलेलं नाही त्यांनी खान्देशातल्या सुट्टीबद्दल बोलूच नये. पारा ४५ च्या वर जातो, अकरानंतर रस्ते ओस पडतात, पत्र्याच्या वर्गखोलीत तर दुपारी उभं राहवत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, आपल्या मात्र बाकी महाराष्ट्राबरोबर जूनच्या मध्यावर, जसं काही तापीच्या काठावर पुण्याची हवा आहे. २०२५ मध्ये वार्षिक परीक्षा सरळ २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या तेव्हा पालक आणि शिक्षक दोघांनी ओरड केली ती काही उगाच नव्हती. त्यामुळे उन्हाळ्यात शाळा चालवा असं जो म्हणेल त्याच्या विरोधात मी पण उभा राहीन.

दुसरं खरं म्हणजे मुलांना सुट्टी लागतेच. आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, गौराईची गाणी, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया-बिबड्यांची कावळ्यांपासून राखण करणं आणि ते ओलं पीठ चोरून खाणं, हे सगळं शिक्षणाच्या आड येतं असं समजणाऱ्या माणसाला मूल म्हणजे काय हेच कळलेलं नाही. आणि तिसरं, जे सगळ्यात वजनदार आहे, ते म्हणजे सुट्टीत मुलं मागे पडतात हे ज्या अभ्यासांच्या जोरावर सांगितलं जातं ते बहुतेक अमेरिकेतले आहेत आणि त्यांच्यावरही आता शंका घेतली गेली आहे. १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून असं मांडलं की सुट्टीत साधारण महिनाभराच्या शिक्षणाइतकं नुकसान होतं, आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये जास्त, आणि वाचनात तर मध्यमवर्गीय मुलं पुढे सरकतात, गरिबांची मागे जातात. बाल्टिमोर शहरात १९८२ पासून वर्षानुवर्षं मुलांच्या मागावर राहून केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं, की शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू मुलं जवळपास सारखीच शिकतात, अंतर वाढतं ते उन्हाळ्यात. पण २०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल यांनी दाखवलं की हे निष्कर्ष जुन्या परीक्षांच्या मोजपट्टीमुळे फुगलेले असू शकतात, नव्या परीक्षा लावल्या तर तसं अंतर वाढताना दिसत नाही. मग काय, विषय संपला?

संपला असता, जर आपल्याला अमेरिकेच्या सुट्टीवरच अवलंबून राहायचं असतं तर. पण आपण स्वतः एक भली मोठी सुट्टी भोगून बसलोय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी त्या उघडल्या १ डिसेंबर २०२१ ला. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकणारी मुलं 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये ती १६.३ वर आली आणि २०२४ मध्ये २३.४ झाली. दीड वर्षाहून जास्त काळ आणि दीड महिना यात फरक आहे हे मला कळतं, तेवढ्यावरून उन्हाळ्याचं नुकसान सिद्ध होत नाही. पण हातातलं कौशल्य वापरात नसलं की जातं, आणि ज्याचं ते नुकतंच अर्धवट आलेलं असतं त्याचं सगळ्यात आधी जातं, हे समजायला आता कोणाला परदेशातले पेपर वाचायची गरज उरलेली नाही. ज्याला गोष्ट वाचता येते तो सुट्टीत वाचणं विसरत नाही. जो अजून 'क'ला वेलांटी-उकार जोडतोय, शब्द एकेक अक्षर करून लावतोय, त्याचं मात्र जूनमध्ये परत अक्षरापासून सुरू होतं, आणि वर्गात गुरुजींना पुढचा धडा घ्यायचा असतो. आणि जरा आकड्यांकडे परत बघा, २०२४ चा सुधारलेला आकडा पण चारातल्या एका पोराच्या आतच आहे. म्हणजे जी अर्धवट अवस्था मी सांगतोय ती अपवाद नाही, चारातल्या तिघांची तीच आहे.

आता यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं, की अहो शाळेतलं शिक्षण म्हणजे काय, खरं शिक्षण बाजारात आणि शेतात होतं, सुट्टीत पोरगं बापाबरोबर बाजाराला जाऊ द्या, गणित आपोआप येईल. मला हे उत्तर आवडतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आठवडे बाजारात एक सहावीचा मुलगा टरबूज विकत होता, पंधरा रुपये किलोचा भाव, काट्यावर अडीच किलो भरलं आणि काटा थांबायच्या आत पोरगा म्हणाला, "साडेसदतीस झाले काका, सदतीस द्या." मी सहज गंमत म्हणून पावतीच्या मागे २.५ गुणिले १५ असं मांडून त्याच्या हातात पेन दिलं. त्याने मान खाली घालून गुणाकार केला, हातचा बरोबर घेतला, आणि उत्तर लिहिलं ३७५. मी म्हटलं एवढे पैसे घेशील का माझ्याकडून? तो माझ्याकडे बघत राहिला. आत्ताच केलेला हिशोब आणि हा कागदावरचा गुणाकार एकच आहे हे त्याच्या डोक्यात आलंच नाही, आणि तो "माले समजनं नही" म्हणून परत काट्याकडे वळला.

हा मुलगा एकटा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा एक अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा. बाजारातली मुलं तोंडी अवघड हिशोब झटक्यात करतात पण तेच शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलं की अडतात, आणि शाळेतली मुलं कागदावर करतात ते बाजारात त्यांना जमत नाही. म्हणजे बाजार शिकवतो हे खरं, पण बाजारातलं वहीत आपोआप उतरत नाही आणि वहीतलं बाजारात जात नाही, मधे कोणीतरी बसून या दोन्हीची गाठ घालून द्यावी लागते. शाळेला वर्षभर त्याला सवड नसते कारण सिलॅबस संपवायचा असतो. मग सुट्टीइतका चांगला वेळ दुसरा कुठला? आपल्या घरात अजून अशी म्हातारी माणसं आहेत ज्यांना पावकी, निमकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ आहेत, कापसाचा आणि केळीचा हिशोब ज्यांनी जन्मभर कॅलक्युलेटरशिवाय केला. नातवाने अडीचकी आजोबांकडून ऐकायची, तीच कागदावर २.५ च्या पाढ्यासारखी मांडायची, पेपरातला रावेरचा केळीचा भाव वाचून आपल्या बागेचे किती क्विंटलचे किती होतील ते लिहून काढायचं, आणि मग आजोबांनी ते तोंडी ताडून बघायचं. याला ना क्लास लागतो ना फी, फक्त कोणीतरी हे कर म्हणून सांगणारं लागतं, आणि कागद-पेन.

याच उत्तराचा दुसरा अवतार म्हणजे बहिणाबाईंचं उदाहरण. शाळेत न गेलेल्या बाईने काय काव्य रचलं बघा, मग शाळेचं एवढं कौतुक कशाला, असं भाषणात हमखास ऐकू येतं. असोद्याच्या या बाईचा मला जितका अभिमान आहे तितका मोजक्याच गोष्टींचा असेल, पण हे उदाहरण देणारे त्याची दुसरी बाजू सांगत नाहीत. त्या शेतात आणि जात्यावर जे गात होत्या ते त्यांना स्वतःला लिहून ठेवता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ते उतरवून घेतलं, १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. घरात लिहिणारा हात नसता तर? त्या काळात खान्देशात जात्यावर गाणाऱ्या एकट्या त्याच होत्या का? बाकीच्यांचं काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही. प्रतिभेला शाळा लागत नसेल, पण ती टिकायला अक्षर लागतं.

आता क्लासवाल्यांकडे येतो. सुट्टीत पुढच्या वर्गाचं पुस्तक आधीच शिकवून टाकायचं ही जी पद्धत शहरात आणि आता तालुक्याच्या गावातही आली आहे ती मुळातच उलटी आहे, कारण चौथीचं पोरगं दुसरीच्या वाचनावर अडकलेलं असताना त्याला पाचवीचं पुस्तक दिलं तर ते पाठांतर करेल, दुसरं काय करेल? आणि शाळा जो सुट्टीचा अभ्यास देते, रोज एक पान शुद्धलेखन, पाढे दहा वेळा लिहा, तो तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री मोठी बहीण लिहून देते हे सगळ्यांना माहीत आहे, शिक्षकांना पण. त्यात चांगलं एवढंच की हात चालतो.

उलट उन्हाळ्यात नेमकं काय चालतं याचा एक अनुभव आपल्या देशातच आहे. जून २००८ मध्ये बिहारमध्ये सरकारने आणि शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने महिनाभराची शिबिरं घेतली, सरकारीच शिक्षक, शाळेच्याच इमारती, मुलं तिसरी ते पाचवीची मागे पडलेली. इयत्ता बाजूला ठेवून, कोणाला अक्षर येतं, कोणाला शब्द, कोणाला उतारा, असे गट करून शिकवलं, आणि त्या एका महिन्यात वाचन आणि गणित दोन्ही मोजता येण्याइतकं सुधारलं. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे शाळा सुरू झाल्यावर सरकारी शिक्षकांना त्याच पद्धतीचं साहित्य आणि ट्रेनिंग दिलं तर फरक पडला नाही. शिक्षक तेच, मुलं तीच. का पडला नाही? कारण शाळेच्या दिवसात सिलॅबस असतो, इयत्तेप्रमाणे बसायचं असतं, माहिती भरायची असते, आणि दुसरीच्या पातळीवर असलेल्या पाचवीच्या मुलासाठी थांबायला कोणालाच परवानगी नसते. म्हणजे जिला आपण वाया गेलेला काळ समजतो तीच सुट्टी मागे राहिलेल्या मुलाला पुढे आणायची सगळ्यात मोकळी जागा आहे. माझ्या मते या सगळ्या वादात हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा, आणि तो मी कोणाच्याच तोंडून ऐकलेला नाही.

आणि नंदुरबारकडे बघितलं तर याला आणखी धार येते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, बारडोली, सुरतच्या बाजूला, पोरं बरोबर. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, काही शिक्षक स्वतः जाऊन मुलं थांबवून ठेवतात, पण सगळी थांबत नाहीत. होळीला येऊन जातात आणि हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये पुढच्या हंगामापर्यंत घरी येतात. मग तेव्हा शाळेची स्थिती काय असते? एक तर परीक्षा उरकत आलेली, नाहीतर कुलूप. ज्या मुलाने अर्धं वर्ष उसाच्या फडात काढलं ते जेव्हा शेवटी आपल्या गावात, आपल्या घरात असतं, नेमकं तेव्हाच त्याच्यासाठी काही उघडं नसतं, आणि जूनमध्ये ते पुढच्या वर्गात बसतं. त्याला "सुट्टीत मुलांना खेळू द्या" हे सांगायचं कोणत्या तोंडाने? या मुलांच्या घरची भाषा भिली, पावरी, मराठी फक्त शाळेत कानावर पडते, तीही सहा महिने नाही पडली. आपल्या अहिराणी घरातही थोडं तसंच असतं, पोरगं सुट्टीभर अहिराणीत बोलतं आणि जूनमध्ये पुस्तकी मराठी त्याला परकी वाटते. त्यावर घरात अहिराणी बंद करा असं सांगणारे मास्तर मी पाहिलेत. ते चूक आहे. आजीने सांगितलेली गोष्ट पोराने आजीच्याच बोलीत लिहून काढली तरी लिहिणं जिवंत राहतं, मग तीच मराठीत सांगायला लावा.

खर्च कोण करणार, शिक्षकांनी सुट्टीत पण राबायचं का, हे प्रश्न योग्य आहेत. शिक्षकांना इतर नोकरदारांसारख्या रजा नसतात, सुट्टी हाच त्यांचा हक्क आहे, आणि त्यातही निवडणूक, मतदार याद्या, जनगणना अशी कामं त्यांच्याच माथी मारली जातात. म्हणून मी शिक्षकांना बोलवा म्हणत नाही. गावात बारावी झालेली, डीएड केलेली, कॉलेजला जाणारी मुलं-मुली मे महिन्यात घरीच असतात. सकाळी साडेसात ते साडेआठ, मंदिराचा ओटा, समाजमंदिर किंवा शाळेचा व्हरांडा, चार गट, पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं हिशोब, बाकी गोष्टी आणि खेळ. नऊ वाजायच्या आत सगळे घरी. धाकटं भावंडं सांभाळायचं म्हणून सातवीची मुलगी येत नसेल तर तिला भावाला कडेवर घेऊन येऊ द्या, तो पण ऐकेल गोष्ट. या मुलामुलींना महिन्याचं थोडंफार मानधन ग्रामपंचायतीने द्यावं, सप्ताह आणि यात्रेला वर्गणी निघते तिथे एवढं निघणार नाही असं नाही.

साहित्याचं म्हणाल तर साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. छापखाना नाही, निधी नाही, रात्री लिहायचं आणि मुलांनी ते वाचायचं, कारण त्यात त्यांच्याच आयुष्यातलं असायचं. गावातल्या मोठ्या मुलांनी रोज एक कागद लिहून ओट्याच्या भिंतीवर चिकटवला, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, नळाला पाणी किती वाजता येणार, काल क्रिकेटमध्ये कोण जिंकलं, तर शब्द लावणारं पोरगं पण तिथे जाऊन उभं राहील. आणि शाळेच्या ऑफिसात जे पुस्तकांचं कपाट असतं, ज्यातली पुस्तकं सरकारच्या पैशाने मुलांसाठीच आलेली असतात, ते दीड महिना कुलूपबंद का? हरवतील, फाटतील म्हणून. फाटू द्या. न उघडलेलं पुस्तक जपून काय मिळवलं आपण?

सुट्टीत सरकारची जबाबदारी नसते असं जर कोणी म्हणालं तर त्याला २००४ ची आठवण करून द्यावी. सुप्रीम कोर्टाने तेव्हा सांगितलं होतं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं दुपारचं जेवण द्यायचं, कारण भूक सुट्टी घेत नाही. दुष्काळी वर्षात मे महिन्यात पोरांना शाळेत खिचडी मिळाल्याचं आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. शाळा बंद असताना जेवणासाठी कुलूप उघडता येतं, स्वयंपाकी येते, हजेरी लागते, तर मग सकाळचा एक तास पुस्तकांसाठी ते का उघडता येत नाही?

१ मे ला शाळेचा निकाल लागतो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. निकालपत्रक घेऊन घरी जाण्याऐवजी तसंच ग्रामसभेला जा. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आणि सरपंचांना दोन गोष्टी विचारा, कपाटाची किल्ली शाळा उघडेपर्यंत कोणाकडे राहणार आणि सकाळच्या तासाला ओटा कोणता. विषयपत्रिकेत नाही असं सांगतील, तर आयत्या वेळच्या विषयात घ्यायला लावा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.